बाहेरून आणलेला आरसा

"आरसा बाहेरून आणलेला आहे, मॅडम," असं राजानंद म्हणाला आणि बेबीनंदा डबा हातात धरून होती तिथंच उभी राहिली. डबा पडला-बिडला नाही. ती हातातलं पाडणारी बाईच नव्हे. दोन किलोची काच आठ महिने फिरवूनही जिनं तिचा टवका उडू दिला नाही, तिच्या हातून दोन भाकरी आणि वांग्याची भाजी काय पडते. पण जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं तिचं झालं. जालन्यातल्या जुन्या सभागृहात तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं, शाळांचे प्रयोग दाराशी आणि हौशी माणसांनी काढलेले आकाशाचे फोटो आत स्टेजच्या बाजूला. आज दुसरा दिवस. राजानंद, तिचा नवरा, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या दोन फोटोंपुढं उभा होता, आणि शेजारी टेबलावर लाल कापड अंथरून त्यांची घरी केलेली दुर्बीण आडवी ठेवली होती. पुण्याहून परीक्षक म्हणून आलेल्या यशश्री मॅडम, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, मृगातल्या तेजोमेघाच्या फोटोपुढं कितीतरी वेळ वाकून राहिल्या होत्या. बाकीचे लोक तो गुलाबी-जांभळा धूर बघून 'वा' म्हणत पुढं सरकत होते. या बाईंनी धुराकडं फारसं बघितलंच नाही. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाक फोटोला टेकेल इतकं जवळ नेलं, आणि धुराच्या अगदी पोटातल्या मोहरीएवढ्या चार ठिपक्यांवर बोट धरून विचारलं, "हे चारही तारे सुटे आलेत. इतके स्वच्छ. हा आरसा कुणी केला?" बेबीनंदा तेव्हा डबा घेऊन मागून येत होती. प्रश्न तिनं नीट ऐकला. तिला वाटलं, आता हे वळून आपल्याकडं बघतील. आणि मग ते उत्तर आलं.

बाहेरून म्हणजे कुठून हो? न्हाणीघराच्या भिंतीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सहा पावलं आहेत, तेवढ्यावरून आणला म्हणायचं असेल तर बाहेरूनच आणला. तिला एकदम हसू आलं, आणि ते तोंडावर यायच्या आत विरून गेलं. मान खाली गेली. खाली फरशी होती, मोझेकची, हिरव्या-पांढऱ्या-काळ्या चिपांची, आणि ती फरशी ती ओळखत होती. काल आल्याबरोबरच ओळखली होती, पण बोलली नव्हती कुणाशी. एकोणीसशे पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात या सभागृहाच्या फरशीला पॉलिश झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि तिचा बाप कडूबा, कुंभार पिंपळगावाहून कामासाठी जालन्यात येऊन राहिलेला, मधोमध मशीन चालवत होता. मशीन घर्र करत मोठमोठे गोल काढत जायची. भिंतीच्या कडेला, कोपऱ्यात, पायरीच्या अंगाला मशीन जात नाही. तिथं गुडघ्यावर बसून दगड हातानं फिरवायचा, आणि ते काम बेबीचं. ऐंशी नंबरचा दगड, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, असं बारीक बारीक होत जायचं. वर पाणी, खाली राखाडी चिखल. बाप ओरडायचा नाही कधी. नुसता मशीन बंद करून यायचा, तिच्या कोपऱ्यावरून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, अजून वाळू दे, ओली फरशी सगळीच चमकती. वाळल्यावर जी चमकेल ती खरी. आता तीस वर्षांनी बघावं तर मधली फरशी पार मळकट झाली होती, हजारो चपला, खुर्च्या, नाटकं, सत्कार, सगळं तिच्यावरून गेलं होतं. आणि भिंतीच्या कडेनं हातभर पट्टा अजून काचेसारखा. त्यात ट्यूबलाइट दिसत होती. तिथं कुणी चालत नाही म्हणूनही असेल, ती म्हणाली मनाशी, पण असू दे. आपण केलेलं राहिलं आहे ते राहिलं आहे.

मॅडम काही सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. बाहेरून म्हणजे कुठून, मुंबईहून का, की परदेशातला, कारण असा हाताचा आरसा हल्ली कुणी करत नाही, आमच्या कॉलेजला बारा इंची करून हवा आहे, पत्ता असेल तर द्या, असं त्या बोलत राहिल्या, आणि राजानंदच्या मानेवर घाम आला. त्याच्या मागं मुख्याध्यापक उभे होते, आणखी दोन-तीन शिक्षक होते. तो म्हणाला, शोधून देतो, उद्या देतो. पुण्याच्या माणसांशी बोलताना त्याची मराठी निराळी व्हायची, 'न्हाई'चं 'नाही' व्हायचं, 'मंग'चं 'मग', आणि बेबीनंदाला त्याचं एरवी कौतुकच वाटायचं. आज तिला वाटलं, हा माणूस दुसऱ्याच्या घरात बोलावं तसं बोलतोय. मग त्याची नजर तिच्यावर गेली. नजर गेली तसा त्याचा चेहरा असा काही झाला की तिलाच त्याची दया आली. तिनं पुढं होऊन डबा टेबलावर ठेवला. मॅडम हसल्या, म्हणाल्या, तुमच्या मिसेस का? हो, तो म्हणाला, घरीच असतात. बेबीनंदानं नमस्कार केला आणि हात पदराखाली घेतले. का घेतले, हे तिला स्वतःलाच कळलं नाही. तिच्या तळहातांना अंगठ्याच्या मुळाशी घट्टे आहेत, काचेच्या कडेनं पडलेले, आणि आजपर्यंत ते तिनं कधी कुणापासून लपवले नव्हते. सभागृहाच्या बाहेर येऊन रिक्षा न करता ती चालत सुटली. उन्हात चालता चालता तिच्या लक्षात आलं की राग येतोय तो त्या उत्तराचा कमी आणि या हात लपवण्याचा जास्त.

दुर्बिणीचं खूळ त्याचंच, हे तिला कबूल होतं. त्यात ती वाटा मागत नव्हती. चार वर्षांपूर्वी त्यानं कुठल्याशा शिबिरात शनीची कडी बघितली आणि घरी येऊन दोन रात्री नीट झोपला नाही. मग दोन जाड गोल काचा आल्या, आठ-आठ इंचाच्या, भुकटीच्या पुड्या आल्या, आणि मागच्या अंगणात न्हाणीघराच्या भिंतीलगत वाळू भरलेला लोखंडी ड्रम उभा राहिला. एक काच ड्रमवर पक्की बसवायची, मध्ये भुकटी आणि पाणी, वर दुसरी काच, आणि वरची पुढं-मागं ढकलायची, ढकलता ढकलता स्वतः ड्रमभोवती फिरायचं. खालची काच फुगत जाते आणि वरची मधोमध खोल होत जाते. ती खोल झालेली म्हणजे आरसा. राजानंदनं हे सगळं तिला फळ्यावर शिकवावं तसं समजावलं आणि शाळेतून आल्यावर घासायला लागला. अकरा दिवस घासत होता. बेबीनंदा आत भाकरी थापत असायची आणि तिच्या कानाला ते खुपत राहायचं. आवाज चुकत होता. भुकटीला पाणी कमी पडलं की दगड कसा रडतो ते तिला माहीत होतं, आणि माणूस दमला की एका हातावर जास्त भार देतो, तेही आवाजातच कळतं. तिनं दोन-चार दिवस जीभ चावून धरली, कारण मास्तर माणसाला त्याच्या विज्ञानात शिकवायला जाणं म्हणजे घरात विनाकारण भांडण. बाराव्या दिवशी काचेवर लांब ओरखडा उमटला. तो पायरीवर डोकं धरून बसला होता. ती पिठाचे हात धुऊन बाहेर आली, ओरखड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाली, "सरका तिकडं. मागच्या नंबरची भुकटी हितंच राहिली हाय. ड्रम धुतलाच न्हाई तुम्ही." नंबर बदलताना सगळं धुवायचं असतं, नखातलंसुद्धा. हे पुस्तकात होतं, त्यानं वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं, आणि नखात राहिलेल्या एका कणापायी बापानं अख्खी खोली पुन्हा घासायला लावणं वेगळं.

त्या दिवसापासून ड्रम तिचा झाला. सकाळी राजानंद शाळेत गेला, धुणं-भांडी झाली, की साडेअकराला ती पदर खोचून उभी राहायची. दहा वेळा ढकलायचं, एक पाऊल सरकायचं, काच थोडी फिरवायची. दहा वेळा ढकलायचं, एक पाऊल सरकायचं. मोजायची गरज चौथ्या दिवशी संपली. पाय आपले आपण सरकत आणि डोकं मोकळं राही, आणि त्या मोकळ्या डोक्यात कुठकुठली घरं यायची, ज्यांच्या फरश्या तिनं घासल्या आणि ज्यांत ती पुन्हा कधी गेली नाही. शेजारच्या पुष्पाबाई भिंतीवरून विचारायच्या, काय करून राह्यल्या हो वहिनी, पुरण वाटता का काय? ही म्हणायची, हो, सरांच्या शाळेचं काहीतरी. मधोमध फक्त दोन मिलिमीटर खोल जायचं होतं, त्याला पाच आठवडे लागले, आणि त्यापुढं काच दुधासारखी पांढरी होती ती पारदर्शक व्हायला आणखी पाच महिने. शेवटचा हात डांबरासारख्या राळेवर, गुलाबी पुडीचा. तो देताना काच राळेला अशी काही धरते की ढकलणाऱ्याच्या खांद्याला कळतं, आता तिची आणि माझी ओळख झाली. मोठी चूक झाली तीही तेव्हाच, आणि ती राजानंदची. आरसा बरोबर झाला की नाही हे बघायला त्यानं आतल्या खोलीत आठ फुटांवर एक छोटा दिवा आणि दाढीचं पातं लावलं होतं. पात्याच्या कडेशी डोळा लावला की काचेवर सावल्या दिसतात, टेकडी कुठं, खड्डा कुठं, ते सगळं. केसाच्या हजाराव्या भागाएवढी टेकडीही दिसते. मे महिन्यातली दुपार, टाकीचं पाणी तापलेलं, त्या पाण्यानं धुतलेली काच त्यानं लगेच लावली आणि ओरडला की मध्ये टेकडी आहे. बेबीनंदा म्हणाली, थांबा, काच गरम हाय, निवू द्या. तो म्हणाला, अगं सावली खोटी बोलत नाही. तीन दिवस तिनं ती टेकडी घासली. चौथ्या दिवशी पहाटे, काच थंडगार असताना बघितलं तर टेकडीच्या जागी खड्डा. गरम काच फुगलेली होती, एवढंच. त्या दिवशी ती भाजीत मीठ घालायचं विसरली, आणि तो गुपचूप जेवला. तो खड्डा भरायला म्हणजे बाकीची सगळी काच खाली आणायला तिला दोन महिने लागले. त्यानंतर काच निवली का नाही हे ती ठरवायची, आणि ती सांगेपर्यंत तो पात्याला हात लावायचा नाही.

चालत चालत ती घरी आली तेव्हा दोन वाजले होते. अंगणात ड्रम होता, वाळू अजून आत, वरती कुणीतरी कुंडी ठेवली होती. म्हणजे तिनंच ठेवली होती. ती पायरीवर टेकली. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली राजानंदची प्रमाणपत्रं, शाळेची ढाल, मुलाच्या पदवीचा फोटो, आणि कुठंही तिच्या हातचं काही नाही, भिंत सोडली तर; भिंतीला रंग तिनं दिला होता. तिला एक दुपार आठवली. काच जवळपास झाली होती, राजानंद शाळेत होता, आणि तिनं एकटीनं आतली खोली अंधारी करून दिवा लावला. पात्याशी डोळा लावून बघितलं तर समोर काच नव्हतीच, नुसता एक गुळगुळीत राखाडी चंद्र तरंगत होता, कुठं टेकडी नाही, कुठं खड्डा नाही. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती उठली, आरशाच्या मधोमध अंगठा टेकवला, वीसपर्यंत मोजलं आणि पळत पात्याकडं आली. तिथं तिच्या अंगठ्याचा डोंगर उभा होता. एवढा मोठा, सावली पडलेला, खरा डोंगर, तिच्या अंगातल्या उबेनं वर आलेला. ती बघत राहिली तसा तो हळूहळू बसत गेला, पाच-सहा मिनिटांत सपाट झाला, आणि पुन्हा तो चंद्र. तिला इतका आनंद झाला होता की सांगायलाही कुणी नव्हतं आणि सांगून कुणाला कळलंही नसतं. बाप असता तर तळवा फिरवून काही तरी बोलला असता, पण बापाला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि शेवटी शेवटी त्याला दगडाच्या धुळीनं श्वास पुरत नव्हता. आजही तो आनंद तसाच्या तसा आला, या उन्हात, पायरीवर. अभिमानच तो, दुसरं काय. केला आहे मी. कुणी बाहेरचा म्हटल्यानं बाहेरचा होतो का तो?

आणि त्यातून आकाश दिसलं ते कुंभार पिंपळगावात, तिच्या माहेरी, भाऊ अप्पारावच्या रानात, कारण जालन्याचं आकाश लोखंडाच्या कारखान्यांनी तांबूस करून ठेवलेलं. आरसा पुण्याहून चांदीसारखा मुलामा चढवून आला होता, दहा इंची पाइपात तो बसवला होता, खाली मोटर लावलेलं लाकडी बूड होतं, जे आकाशाच्या चालीनं दुर्बिणीला हळूहळू वळवत नेतं, आणि वर जुना विकत घेतलेला कॅमेरा. पहिल्या खेपेला शेजारच्या हळदीच्या मांडवातून रंगीत झोत आभाळात नाचत होते, काही मिळालं नाही. अप्पाराव म्हणाला, ताई, माहेरी येऊन बी तू आमच्याकडं बघंना, वरच बघती. दुसऱ्या खेपेला पऱ्हाट्या काढलेल्या मोकळ्या वावरात मृगातल्या तेजोमेघाचे दोनशे फोटो घेतले, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे, आणि गाभ्यासाठी निराळे, दोन-दोन सेकंदांचे, म्हणजे मधले तारे उजेडात बुडू नयेत. ते एकावर एक रचून चित्र करणं ही राजानंदची करामत, आठ दिवस तो लॅपटॉपसमोरून उठला नाही, आणि त्यातलं तिला काही येत नाही. पण कॅमेरा लावायच्या आधी त्यानं तिला म्हटलं होतं, आधी तू बघ. तिनं डोळा लावला. हिरवट धुकं, आणि धुक्याच्या आत चार तारे, टाचणीच्या टोकाएवढे, एकमेकांना न चिकटलेले. तो म्हणाला, ते सुटे दिसले म्हणजे आरसा पास. तिनं विचारलं, कुणी केले हे तारे सुटे? तो अंधारात हसला होता आणि म्हणाला होता, तू. हे त्यानं म्हटलं होतं. अंधारात का होईना, म्हटलं होतं ना?

संध्याकाळी तो आला, चपला काढल्या, हात-पाय धुतले आणि डबा मोरीत ठेवायला स्वतः गेला. रोज ठेवत नाही. ती भाकरीचं पीठ मळत राहिली. तो दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला की मुलामा तर बाहेरचाच हाय ना, मी त्या अर्थानं बोललो. तिनं पिठाला पाण्याचा हात लावला. मग तो खाली बसला. इस्त्रीच्या शर्टासकट, भुईवर.

"मुख्याध्यापक व्हते ना मागं," तो म्हणाला. "मॅडमनी विचारलं असतं, बाईनं हे शिकलं कुठं. मंग काय सांगायचं?"

"खरं."

"माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडत व्हता. शाळेत एकाला बी म्हाईत न्हाई. ते सोडायसाठीच तर शिकलो ना आपण? ते सांगत बसायचं का आता?"

"त्यांनी फोडलेल्या खडीवरून आजून यष्टी चालती," बेबीनंदा म्हणाली.

त्यानं उठून ताटं घेतली. तिनं भाकरी टाकली. जेवणं झाली. रात्री पडल्यावर मात्र तिला नीट झोप लागेना, आणि त्याचं कारण तो नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी कॉलनीत राहायला आले तेव्हा पुष्पाबाईंनी विचारलं होतं, तुमचे वडील काय करायचे हो? आणि ती म्हणाली होती, ठेकेदार होते. ठेकेदार! कडूबा आणि ठेकेदार! गुडघ्याला गोणपाट बांधून फरशीवर रांगणारा माणूस. किती सहज म्हणाली होती, चहाचा कप पुढं करता करता. पुरण वाटते का म्हणाल्या तेव्हाही शाळेचं काम म्हणून वेळ मारून नेली. म्हणजे बाहेरून आणलाय असं राजानंद आज म्हणाला, ती पंधरा वर्षं तेच म्हणत होती. हे सुचलं तशी ती अंथरुणात उठून बसली. त्याच्यावरचा राग खाली गेला आणि उरलं ते असं काही, की त्याला भांडून भागणार नव्हतं. नाव आलं पाहिजे. पण नुसतं नाव येऊन काय होतं? बेबीनंदा नावाच्या बाया ढीगभर आहेत. या हातांना हे कुठून आलं, ते आलं पाहिजे. ते न येता नुसतं नाव आलं तर तो ओल्या फरशीचा चकचकाट. शेजारी राजानंदही जागाच होता, हे त्याच्या श्वासावरून कळत होतं.

सकाळी तो तिच्या आधी उठून बाहेर गेला होता. आला तो अर्ध्या तासानं, आणि म्हणाला, चल, आज तू बी चल, डबा नको. ती चांगलं लुगडं नेसली नाही, रोजचीच साडी नेसली, पण वेणी नीट घातली. सभागृहात शेवटच्या दिवसाची गर्दी होती. फोटोपाशी पोचल्यावर राजानंदनं खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक कार्ड, दुकान उघडायला लावून छापून आणलेलं, फोटोखाली लावलेल्या कार्डासारखंच, चकचकीत. त्यावर होतं, 'आरसा : सौ. बेबीनंदा राजानंद साळवे (पत्नी)'. त्यानं ते तिच्या हातात दिलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिला, पोरगं पेपर दाखवून मास्तरकडं बघतं तसा. तिला कळलं की याला हे सोपं गेलेलं नाही. मागं मुख्याध्यापक होतेच, आणि पलीकडून मॅडम इतर फोटो बघत बघत इकडंच येत होत्या. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं, आणि ते यायच्या आत तिनं कार्ड परत त्याच्या हातात दिलं.

"हे पत्नी खोडा," ती म्हणाली.

"का? नाव आलंय की आता."

"पत्नी म्हणून न्हाई घासला मी आरसा. पत्नी म्हणून भाकरी केल्या. आरसा ज्याच्या जोरावर घासला ते लिहा."

"म्हंजी?"

"फरशी पॉलिश. तेवढं लिहा."

तिनं आवाज चढवला नव्हता, पण मुख्याध्यापकांनी वळून बघितलं. राजानंद कार्ड हातात धरून उभा राहिला. त्याच्या खिशाला पेन होतं, नेहमीचं, निळं, आणि त्याचा हात पेनापर्यंत जाऊन थांबला. बेबीनंदाला वाटलं, नाही होणार याच्यानं. तीस वर्षांचं लपवणं आहे, एका सकाळी कसं निघेल? आणि नाही झालं तर ती काय करणार होती, तेही तिला माहीत नव्हतं. फक्त आज हात पदराखाली घ्यायचे नाहीत एवढं तिनं ठरवलं होतं, आणि ते तिनं घेतले नाहीत. मग राजानंदनं कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. ते त्यानं दुर्बिणीच्या टेबलावर ठेवलं, वाकला, आणि लिहायला लागला, सावकाश, फळ्यावर लिहितो तसं टपोरं अक्षर, मागच्या बाकावरच्या पोरालाही वाचता यावं असं. 'आरसा : बेबीनंदा', एवढं झाल्यावर तो क्षणभर थांबला, आणि तिनं सांगितलेलं नसताना पुढं त्यानं 'कडूबा' लिहिलं. बापाचं नाव. मग खाली, 'फरशी पॉलिश कामगार, जालना'. कार्ड पुरलं नाही, 'जालना' अगदी काठाला गेलं. त्यानं ते फोटोखाली टाचणीनं लावलं आणि बाजूला झाला. मुख्याध्यापक जवळ येऊन वाचत होते आणि राजानंद त्यांच्याकडं न बघता सरळ उभा होता, राष्ट्रगीताला उभा राहतो तसा. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी कार्ड वाचलं, दोनदा वाचलं, आणि वळून बेबीनंदाच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघितलं.

"शेवटचा हात किती दिवस दिलात?" त्यांनी विचारलं.

बेबीनंदानं टेबलाखालची खुर्ची त्यांच्यासाठी पुढं ओढली.

"बसा, मॅडम," ती म्हणाली. "सांगायला टाइम लागंल."